दोनशे छत्तीस रुपयांचा प्रश्न



बऱ्याच दिवसांत इथं काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. लिहिणं राहिलं त्याचं कारण वेगळंच आहे. घरात सध्या एका विषयावर खल चालू आहे आणि माझ्या सगळ्या दुपारी त्यातच जातात. विषय ऐकून हसाल. घरचं ब्रॉडबँड बदलावं की आहे तेच ठेवावं?

झालं असं की दिवाळीत भाचा आला होता. एका हातात फराळाची ताटली, आणि टेबलावर पडलेलं आमचं बिल त्यानं सहज दुसऱ्या हातानं उचललं. "मामा, तुम्ही अजून ५९९ भरता? वर जीएसटी? अहो, बाजारपेठेत नवीन फायबर आलंय, ३९९ मध्ये तोच स्पीड. आज सांगितलं तर परवा जोडून देतील." मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. गणिताच्या तासाला जायचो ते फक्त गणिताचे सर रजेवर असले तरच. पण एवढं गणित मलाही येतं. ५९९ वर १८ टक्के धरले की ७०६ रुपये ८२ पैसे. ३९९ वर धरले की ४७० रुपये ८२ पैसे. फरक महिन्याला २३६ रुपये, वर्षाला २८३२. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. आमच्या सौ. लगेच म्हणाल्या, "अहो, मग विचार कसला करताय?"

विचार करण्यासारखं एकच होतं. आमचा फोन नंबर.

सध्याच्या जोडणीबद्दल माझी तक्रार काही नाही, हे आधीच सांगतो. प्रश्न निव्वळ पैशांचा आहे. नव्या जोडणीबरोबर घरचा फोनही मिळतो, पण नंबर नवा मिळतो. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून झाली. घरच्या फोनला मात्र ती सोय नाही. कंपनी सोडली की नंबर सुटला. बरं, फोन जुना ठेवावा आणि इंटरनेट तेवढं नवं घ्यावं म्हटलं, तर दोन बिलं येतात आणि वाचलेले पैसे तिथंच जातात. कागदावर तेही करून पाहिलं!

भाचा म्हणाला, "पण मामा, लँडलाइनवर आता फोन करतं कोण?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला मी कपाटातून एक जुनी वही काढली, आणि तिथंच अडकलो. त्या वहीबद्दल पुढे सांगतोच. आधी थोडा इतिहास. मास्तरला कुठलाही प्रश्न मुळापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला आता सवयीचं झालं असेल.

जव्हार-मोखाडा कुठं आहे हे परदेशातल्या नातवंडांसाठी पुन्हा एकदा सांगतो. पालघर जिल्हा (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा ठाणे जिल्हाच होता). जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान, १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. मोखाडा त्याच्या पूर्वेला, त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर. सगळा डोंगराळ, पावसाचा, आणि पाड्या-पाड्यांत विखुरलेला मुलूख. आमच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेनं मुंबई-सुरत रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या अंगाला कसाऱ्याचा घाट चढून दुसरी रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली. त्या काळी तारायंत्राच्या तारा रेल्वेच्या कडेकडेनं जात. म्हणजे बघा, साऱ्या जगाची खबर आमच्या एका बाजूनं गेली आणि दुसऱ्या बाजूनंही गेली. मधल्या डोंगरात आम्ही होतो तसेच राहिलो. जव्हारला आजही रेल्वे नाही.

आमच्यासारख्या मुलखाला इतरांच्या बरोबरीला आणलं ते टपालानं. पूर्वी टपालाचा दर अंतराप्रमाणे असे, गाव जितकं लांब तितकं पत्र महाग. १८५४ च्या टपाल कायद्यानं हे बदललं. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. इंग्लंडात रोलंड हिल यांनी १८४० मध्ये हीच पद्धत सुरू केली होती. त्यांचं म्हणणं असं, की पत्राचा खरा खर्च वाटेत होत नाही. तो घेणं, निवडणं आणि पोचवणं यात होतो. मग अंतराचे पैसे कशाला घ्यायचे? १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं. साधं पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं.

वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना विचारायचो, "अरे, मुंबईतल्या मुंबईत पत्र पोचवायला त्रास कमी, आपल्याकडे पोचवायला जास्त. मग दोघांना पैसे सारखे कसे?" मुलं गप्प बसायची. मग एखादं पोर म्हणायचं, "तिकडचे लोक आपले पैसे भरतात." बरोबर! दर एक ठेवला म्हणजे सपाटीवरच्या माणसानं डोंगरातल्या माणसाचा थोडा भार उचलला. हे उपकार म्हणून झालं नाही, नियम म्हणून झालं. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केला, आणि हे गृहस्थ संस्कृतचे मोठे कवी होते, बरं का. जव्हारला ४०१६०३ मिळाला, मोखाड्याला ४०१६०४. सहा आकड्यांत आमचाही पत्ता देशाच्या यादीत बसला.

फोनचं मात्र तसं झालं नाही. फोननं अंतराचे पैसे घेतले, आणि चांगले दाबून घेतले. आधी ट्रंक कॉल. नंबर लावून ठेवायचा आणि लागेल तेव्हा लागेल म्हणून बसून राहायचं. ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावण्याची एसटीडी सोय देशात पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदा हे नाव तेव्हापासून घरोघरी झालं. धूळ आणि उकाडा सोसणारी, वातानुकूलन न लागणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंज त्यांनी तयार केली, आणि मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गावोगाव दिसू लागले. काचेच्या खोक्यात माणूस बोलतोय, डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर पळतोय आणि बाहेर पाच जण आत डोकावताहेत, हे दृश्य आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. गाव जितकं लांब तितका तो मीटर जोरात पळायचा. रात्री ११ नंतर दर पावपट होई, म्हणून लोक जेवून, भांडीकुंडी आटपून, स्वेटर घालून रांगेत उभे राहत.

१९९४ चं राष्ट्रीय दूरसंचार धोरण मी मुद्दाम वाचलं होतं. तेव्हा देशात शंभर माणसांमागे एकही फोन नव्हता, ०.८ होता! पावणेसहा लाख खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोन पोचला होता. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन आणि सगळ्या खेड्यांत फोन, असं त्या धोरणात म्हटलं होतं. त्याच्या थोडंच आधी, १९९२-९३ मध्ये, आमच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकांचे मृत्यू झाले होते. राज्यभर खळबळ उडाली, मोठमोठ्या गाड्या घाट चढून आल्या. त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकच बोलायचो. उपासमार काही एका रात्रीत येत नाही. मग ती दिसायला इतके दिवस का लागतात? नुसत्या फोननं मूल वाचत नाही हे मलाही कळतं. पण ज्या पाड्याचा आवाज कुणाला ऐकूच जात नाही, त्याचं दुखणं सगळ्यात शेवटी कळतं.

आमच्या घरी फोन आला तो १९९६ मध्ये. काळा नव्हे, बदामी रंगाचा. सौ.नी त्याच्यावर लगेच क्रोशाचा रुमाल घातला. कोड ०२५२० आणि पुढे आमचा नंबर. मोखाड्याचा कोड वेगळा, ०२५२९. आळीतल्या सगळ्यांनी तो नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन टाकला, ही गोष्ट तेव्हा सगळीकडेच चालायची. पण आमच्याकडे आणखी एक झालं. ते मात्र आमच्याच भागातलं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की आमच्या पाड्यांवरची माणसं कामाला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. शेठची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघं मातीत. शाळकरी मुलं मागे राहिली तर आजीकडे किंवा आश्रमशाळेत. माझ्या वर्गातली निम्मी पोरं अशी होती. एकदा एका बापानं जाताना मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या घरी फोन आलाय ना? भट्टीवरून केला तर चालंल?" चालेल म्हटलं. त्यानं नंबर सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात, खर्चीचे पैसे मिळाले त्या संध्याकाळी, त्याचा फोन आला. मग त्याच्या पाड्यावरच्या दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. नंबर भट्टीभट्टीवर पोचला. पीसीओतला मीटर पळत असायचा म्हणून माणसं धापा टाकत बोलायची. "आईला सांगा पोराला ताप उतारला." "पाचशे रुपये पाठवलेत अमक्याबरोबर." "म्हातारीला दवाखान्यात न्या." नाव, पाडा, निरोप, आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या पाड्यावरचं पोर गाठायचं आणि निरोप पाठ करून घ्यायचा. पोरं निरोप अगदी जसाच्या तसा पोचवायची. पाढे पाठ होत नसत, पण निरोप पाठ व्हायचे :)

घोटाळा होऊ नये म्हणून मी वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तारीख, कुणाचा, कुणाला, काय, आणि शेवटच्या रकान्यात "पोचला" किंवा "नाही". हीच ती वही, जी मी परवा काढली.

इतिहासाचं साधन म्हणून ती वाचायला घेतली तर त्यातून काय दिसतं ते सांगतो. पहिली तीन-चार वर्षं पानं गच्च भरलेली. डिसेंबर ते मार्च तर एका दिवशी चार-चार नोंदी. बहुतेक निरोप तीनच विषयांवर: आजार, पैसे आणि घरी कधी येणार. २००३ मध्ये मोबाइलवर आलेल्या फोनला पैसे पडायचे बंद झाले. त्यानंतर दीड-दोन वर्षांत नोंदी विरळ होतात, कारण कुठल्या मुकादमाकडे, कुठल्या दुकानदाराकडे मोबाइल आलेला असतो. १ मार्च २००६ ला बीएसएनएल आणि एमटीएनएलनं देशात कुठंही एक रुपया मिनिट हा दर आणला. १८५४ मध्ये पत्राला जो न्याय मिळाला तो बोलण्याला मिळायला १५२ वर्षं लागली, असा माझा हिशेब आहे. त्या वर्षानंतर वहीत महिनोन्महिने काही नाही. मी निवृत्त झालो त्या वर्षी एकूण सहा नोंदी. पानं कोरी राहिली याचं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं, आता त्या वाईट वाटण्याचं हसू येतं. लोक आपापल्या घरी थेट बोलायला लागले आणि मधला मास्तर नको झाला, हे किती चांगलं झालं!

आता इंटरनेटचं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं मोठ्या शहरांत आणलं. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, फोनच्याच तांब्याच्या तारेतून. माझा हा ब्लॉग त्या तारेवरच जन्मला. तेव्हाच्या एका योजनेत दिवसाचा वापर मोजून असे आणि रात्री २ ते सकाळी ८ मोकळं रान. त्यामुळे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, माझे सुरुवातीचे सगळे लेख पहाटे साडेचार-पाचला टाकलेले आहेत. लोकांना वाटायचं गुरुजी ब्राह्ममुहूर्तावर लिहितात. गुरुजी फुकटाच्या वेळात लिहीत होते!

एवढं आठवल्यावर मला भाच्याचं म्हणणं अधिकच पटलं. स्वस्ताईची हेटाळणी करण्याचा मला अधिकार नाही. आधी एकटं दूरसंचार खातं होतं तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे मी विसरलेलो नाही. पुढे कंपन्यांची चुरस लागली आणि दर खाली आले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मोबाइलवरचं इंटरनेट इतकं स्वस्त झालं की माझे जुने विद्यार्थी भट्टीवरून घरच्यांना तोंड दाखवू लागले. पाड्यावर रेंजचा एक ठरलेला दगड असतो, त्याच्यावर उभं राहायचं. पण दिसतं तरी. ३० एमबीपीएस म्हणजे माझ्या पहिल्या ब्रॉडबँडच्या सुमारे ११७ पट वेग, आणि तो ३९९ रुपयांत. याला नावं ठेवणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल.

मात्र दुसरी बाजूही वहीच्या बाहेर आहे. चुरस आली ती गर्दी असते तिथं आधी. डोंगरातल्या पहिल्या तारा ओढल्या गेल्या त्या नफा दिसतो म्हणून नव्हे, तर ओढायच्याच असं कुणीतरी ठरवलं म्हणून. टपालाचं तत्त्व तेच होतं. पुढे २००२ पासून सगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून काही वाटा खेड्यांच्या जोडणीसाठी काढून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच आता भारतनेट म्हणतात. तरीही २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली तेव्हा आमच्या ओट्यावर संध्याकाळी आठ-दहा पोरं बसलेली असायची. आमच्या वायफायचा पासवर्ड सगळ्या आळीला पाठ होता. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले होते. आमच्या भागात खांबावर चढणारा, पावसात टोपी घालून तारा तपासत हिंडणारा माणूसही त्यांत होता. आजही तो भेटला की आधी डोळे वर करून खांबाकडे बघतो आणि मग माझ्याकडे.

तेव्हा सरकारी चांगलं की खाजगी चांगलं, या वादात मी पडलो नाही. मी गेलो नव्या जोडणीवाल्याला भेटायला. म्हटलं, बिघाड झाला तर खांबावर चढणार कोण, एवढं विचारू. खांबावर शिडी लावून एक पंचविशीचा मुलगा काम करत होता. खाली उतरला आणि म्हणाला, "मीच चढणार, सर." कुठला रे तू? मोखाड्याकडचा निघाला. पाड्याचं नाव सांगितलं. आयटीआय केलंय म्हणाला. घरी आई-बाप अजून भट्टीवर जातात, हा जात नाही. "आजी सांगते, आधी आमचे निरोप शाळेतली पोरं आणायची," हेही त्यानं आपण होऊन सांगितलं. मी घरी येऊन वही उघडली. त्या पाड्याच्या अकरा नोंदी सापडल्या. त्यातल्या त्याच्या घरच्या कुठल्या, ते मात्र मी शोधत बसलो नाही.

त्याला मी एक आडवा प्रश्नही विचारला. पावसाळ्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली तर? तो हसला. "सर, दोघांच्या वायरी एकाच रस्त्यानं वर येतात. तुटल्या तर दोघांच्याही तुटणार." चला, म्हणजे त्या बाबतीत दोघं सारखेच. माझ्या यादीतला एक मुद्दा त्यानं खोडून टाकला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. लँडलाइनवर फोन करतं कोण? मी प्रामाणिकपणे मोजलं. गेल्या वर्षभरात या नंबरावर नातेवाइकांचे फोन सोडले, विमावाले आणि कर्जवाले सोडले, तर तीन फोन आले. दोन जुन्या विद्यार्थ्यांचे, दिवाळीचा नमस्कार सांगायला. त्या दोघांकडे माझा मोबाइल नंबर आहे, पण लँडलाइनवर केला की खरा फोन केल्यासारखं वाटतं म्हणे.

तिसरा फोन मात्र वेगळा होता. फेब्रुवारीतली रात्र, साडेनऊची वेळ. बाई बोलत होत्या, भट्टीवरून, कुणा परक्याच्या मोबाइलवरून. त्यांचा स्वतःचा मोबाइल पाण्यात पडून बंद झाला होता. नवरा आजारी. पाड्यावर दिराला निरोप द्यायचा होता, पण दिराचा नंबर त्या बंद पडलेल्या मोबाइलमध्ये. पाठ असा एकच नंबर होता. लहानपणी, बाप भट्टीवर असताना, शाळेत पाठ करून घेतलेला. माझाच. "गुरुजी, मला नंबर बोलायलाही यायचा नाही, पण बोटं आपोआप दाबतात," असं त्या म्हणाल्या. मी वही काढली, बऱ्याच वर्षांनी नोंद केली, आणि ओळखीतून ओळखीत फोन करत रात्री साडेदहाला निरोप पोचवला. शेवटच्या रकान्यात "पोचला" लिहिलं. नवरा बरा झाला, पावसाळ्याआधी दोघं घरी आले.

वर्षात एक फोन. त्याची किंमत २८३२ रुपये धरायची का? हाच माझा प्रश्न होता, आणि सगळ्या दुपारी त्यातच गेल्या. सौ.चं म्हणणं असं, की तो एक फोन आला नसता तर त्या बाईंनी दुसरा कुठला तरी मार्ग काढलाच असता. खरं असेल. भाच्याचं म्हणणं असं, की गरिबाला मदतच करायची तर वाचलेले २८३२ रुपये आश्रमशाळेच्या वह्यांना द्या. तेही खरं. आणि त्या शिडीवरच्या मुलाकडे बघितलं तर नव्या जोडणीचे पैसेही आमच्याच डोंगरात राहणार आहेत. ज्यांच्यासाठी मी जुना नंबर धरून बसलोय, त्यांचाच मुलगा नवी वायर घेऊन दारात उभा आहे. मग माझा हट्ट नक्की कुणासाठी?

शेवटी मला एवढं कळलं, की नंबर सोडण्यात चूक नाही. न सांगता सोडण्यात आहे. बँक, गॅस, पेन्शन ऑफिस यांना नवा नंबर कळवणं सोपं आहे, एकेक अर्ज भरला की झालं. तुम्हा सगळ्यांना कळवणं त्याहून सोपं, इथं लिहिलं की झालं. पण ज्यांच्याकडे तो नंबर कुठं लिहिलेलाच नाही, नुसता बोटांत आहे, त्यांना कसं कळवायचं? त्यांना समोर गाठूनच सांगावं लागेल. आणि ती माणसं आत्ता भट्टीवर आहेत.

आमच्याकडे कोणी कुठंही असो, शिमग्याला घरी येतो. होळी पेटताना पाड्यावर नसलेला माणूस म्हणजे एक तर फार आजारी, नाहीतर उचलीत फार अडकलेला. तेव्हा आमचा निर्णय असा झाला आहे: शिमग्यापर्यंत जुनंच बिल भरायचं. तोवरच्या तीन-चार महिन्यांचे जास्तीचे हजारभर रुपये गेले तर जाऊ देत. नवा नंबर चिठ्ठ्यांवर ठळक लिहून ठेवायचा, आणि होळीच्या आठवड्यात वहीतले पाडे एकेक करून पालथे घालायचे. पाय साथ देतील तितके मी, उरलेले तो शिडीवाला मुलगा. त्याला विचारलंय. "माझ्या गाडीवर बसा सर, दोघं जाऊ," म्हणाला. सौ.नी गाडीच्या मागच्या सीटवर बसायला मला बंदी घातली आहे, त्यावर अजून चर्चा चालू आहे.

नंबर मात्र पाठ करून घेणार. चिठ्ठ्या पावसात भिजतात.

असो. तुमच्यापैकी कुणी अशी बदलाबदली केली असेल तर अनुभव जरूर कळवा, विशेषतः जुना नंबर सुटल्यावर काय काय राहून गेलं ते.

ता.क. - नातेवाईक मंडळींनो, शिमग्यानंतर ०२५२० वाल्या जुन्या नंबरवर फोन करून "गुरुजी उचलत नाहीत, तब्येत बरी नाही वाटतं" असं एकमेकांना सांगत बसू नका. नवा नंबर मी प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगणार आहे. वही तयार आहे, शेवटच्या रकान्यासकट.